बसमधली ऊब आणि आमच्या सासूबाई

इंग्लंडला कॉव्हेंट्रीत असताना मी बसगाड्यांच्या हीटिंगचं काम करत होते, असं सांगितलं की पुण्यात लोक हसतात. बसला हीटिंग? आमच्याकडे बसच्या खिडकीची काच जागेवर असली तरी आपण देवाचे आभार मानतो. त्यामुळे मी फार खोलात जात नाही. विषय बदलते. त्या कामाबद्दल बोलायला लागलं की शेवटी सासूबाईंवर येऊन थांबावं लागतं, आणि तिथे मला अजूनही लाज वाटते.

काम समजायला सोपं होतं. लांब पल्ल्याच्या बसला इंजिनाचीच उष्णता पुरते. गावातल्या बसचं तसं नसतं. ती सारखी थांबते, इंजिन पुरेसं तापत नाही, आणि दर स्टॉपला दार उघडलं की आतली ऊब रस्त्यावर जाते. म्हणून अशा बसला एक छोटा वेगळा हीटर असतो, डिझेलवर चालणारा. तो सकाळपासून धगधगत राहतो आणि त्याचं निम्मं डिझेल कॉव्हेंट्रीचं आकाश तापवण्यात जातं. तो किती तापवायचा, कधी बंद करायचा, म्हणजे डिझेलही वाचेल आणि बसमधली माणसंही कुडकुडणार नाहीत, हे ठरवणं माझं काम.

ते काम मला सहज मिळालेलं नव्हतं. नवरा वर्क व्हिसावर आलेला, सॉफ्टवेअरवाला. मी भोसरीतली चांगली नोकरी सोडून त्याच्यामागे आले. मेकॅनिकल इंजिनिअर, आणि तीन वर्षं घरी. अर्ज करायचे, 'वुई रिग्रेट' वाचायचं, कणीक मळायची. त्या तीन वर्षांत मी नवऱ्याशी इतकी भांडले की शेवटी भांडणाचाही कंटाळा आला. मग एका बस कंपनीच्या इंजिनिअरिंग ऑफिसात सहा महिन्यांचं टेंपररी काम मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी मला पिवळं जॅकेट दिलं. ते मी घरी आल्यावरही बराच वेळ काढलं नाही.

मॅनेजर निवृत्तीला आलेला इंग्लिश माणूस होता. उंच, शांत, खिशात कायम पुदिन्याच्या गोळ्या. त्याला मी एक कल्पना सांगितली. बसमधला माणूस घरातल्यासारखा नुसत्या स्वेटरवर बसलेला नसतो. तो रस्त्यावरून येतो, कोट घालूनच बसतो, दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. मग बस दिवाणखान्याइतकी गरम कशाला हवी? हीटर थोडा खाली आणू. लोकांना कळणारही नाही. त्याला ते पटलं. तो म्हणाला, आधी एका रूटवर करून बघू, लोकांना विचारू, आणि लोकांची हरकत नसेल तर सगळ्या डेपोला लावू.

रूट मी निवडला, आमच्या घरावरून जाणारा. मला त्याचे स्टॉप पाठ होते, एवढंच कारण. आमच्या भागातल्या सगळ्या देशी म्हाताऱ्या त्याच बसने देवळात, भाजीला आणि दवाखान्यात जातात, हे मला माहीत होतं. पण माझ्या हिशोबातला प्रवासी कोट, जाड पँट आणि बूट घातलेला होता. साडी आणि चपला घातलेला प्रवासी मी धरलाच नाही. रोज सकाळी तशीच एक बाई मला डबा भरून देत होती, तरीही.

सासूबाई त्या हिवाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. विधवा, सत्तरीच्या जवळच्या, पुण्यातून पहिल्यांदाच एवढ्या लांब. मी म्हणायचे, आठ दिवसांत कंटाळून परत जायचं म्हणतील. कसलं काय. महिनाभरात त्यांनी चार मराठी आणि दोन गुजराती मैत्रिणी जमवल्या आणि दर गुरुवारी देवळातल्या हॉलमध्ये भजन सुरू केलं. इंग्रजी दहा-बारा शब्दांचं, पण ते शब्द त्या कुठेही न लाजता वापरायच्या.

त्यांच्या कपड्यांची मात्र मला लाज वाटायची. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटायची. अंगावर पाचवारी साडी, तिच्यावर माझ्या नवऱ्याचा जुना निळा अनोरॅक, म्हणजे टोपीवालं जाकीट, डोक्याला मफलर, आणि पायात अंगठ्याच्या चपलेत कोंबलेला करडा मोजा. मी बूट आणून दिले होते. ते त्यांनी खोक्यातच ठेवले. "देवळाच्या दारात काढायला-घालायला वाकावं लागतं गं, गुडघे दुखतात," म्हणाल्या. मी चिडले. सुपरमार्केटमध्ये त्यांच्याबरोबर जाताना मी दोन पावलं पुढे चालायचे. त्यांना भरभर चालता येत नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे.

सर्व्हेच्या आदल्या रात्री जेवताना मी बडबडत होते. उद्या मॅनेजर स्वतः येणार, आम्ही दुपारच्या बसमध्ये चढून लोकांना विचारणार, गार वाटतंय का म्हणून. नवऱ्याने विचारलं, "आणि लोक हो म्हणाले तर?"

"तर प्रोजेक्ट बंद, आणि मी पण घरी," मी म्हटलं. "कॉन्ट्रॅक्ट एक्स्टेंड व्हायचा चान्सच नाही मग."

सासूबाई ताकात भात कालवत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "दुपारची म्हणजे कितीची गं?"

मी वेळ सांगितली. त्यांनी का विचारलं, याचा विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती, संक्रांत नुकतीच झालेली. रस्त्याकडेच्या गवतावर पांढरं पडलेलं, ते दुपारपर्यंत तसंच. बसचा हीटर माझ्या नव्या सेटिंगवर चालला होता. छताजवळचा सेन्सर अठरा अंश दाखवत होता, आणि मी खूश होते. मॅनेजर लोकांना विचारत पुढे सरकत होता. शाळकरी मुलं, एक बाबागाडीवाली आई, एक पेपर वाचणारा म्हातारा. सगळ्यांचं ठीक होतं. पेपरवाला म्हणाला, गरमच आहे, माझा चष्मा धुरकटला.

देवळाच्या अलीकडच्या स्टॉपला दार उघडलं आणि सासूबाई चढल्या. मागोमाग तिघी मैत्रिणी. अनोरॅक, मफलर, चपलेतला करडा मोजा, सगळं जसंच्या तसं. हातात टाळांची कापडी पिशवी. मैत्रिणींचा अवतारही तोच, रंग तेवढे वेगळे. चौघी चढल्या आणि आख्खी बस त्यांच्याकडे बघते आहे असं मला वाटलं. बघत कोणीच नव्हतं. इंग्लंडात बसमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही.

मॅनेजर माझ्या शेजारी उभा होता. मी पिवळ्या जॅकेटात होते, हातात क्लिपबोर्ड. सासूबाईंनी मला पाहिलं. मला साधं "आई" म्हणता आलं असतं. हसता आलं असतं. मी क्लिपबोर्डात डोकं घातलं आणि मॅनेजरला म्हटलं, मी जरा मागचा सेन्सर बघून येते. आणि गेले मागे. मागच्या सेन्सरला काही झालेलं नव्हतं.

मागून मला सगळं ऐकू येत होतं. सासूबाई खिडकीशी बसल्या. त्यांनी माझ्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही. मॅनेजरने अगदी अदबीने वाकून, तिकडे कुठल्याही बाईला म्हणतात तसं, विचारलं, "आर यू कोल्ड, लव्ह?"

"नो, नो," सासूबाई म्हणाल्या. "व्हेरी वॉर्म. गुड बस."

मागे बसलेल्या तिघींनीही लगेच माना डोलावल्या. "वॉर्म, वॉर्म."

मॅनेजर मागे माझ्याकडे आला तो हसतच. म्हणाला, उष्ण देशातून आलेल्या या बायकांना जर गरम वाटतंय, तर आपल्या लोकांचं काय घेऊन बसलीस! मीही हसले. आम्ही हसत असताना सासूबाई देवळाच्या स्टॉपला उतरल्या. उतरताना त्यांनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

त्या रात्री त्यांनी मुगाची खिचडी केली होती. मी दोनदा घेतली.

सर्व्हे उत्तम ठरला. महिना संपायच्या आत डेपोच्या सगळ्या गाड्या माझ्या सेटिंगवर आल्या, डिझेल खरोखरच वाचायला लागलं, आणि मॅनेजरने कॉन्ट्रॅक्ट वाढवायची शिफारस केली. घरी मी शिरा केला. सासूबाईंनी देवापुढे ठेवला आणि माझी दृष्ट काढली. त्या आठवड्यात त्या भजनाला गेल्या नाहीत. गुडघा धरलाय म्हणाल्या. पुढच्या गुरुवारीही तेच. मी त्यांना गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि कामाला गेले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रथसप्तमीच्या आत, आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मीच हौसेने ठरवलं होतं, नोकरी पक्की होणार म्हणून. सगळ्या भजनवाल्या आल्या. प्लॅस्टिकचे डबे लुटायचे होते. मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. भजनमंडळातल्या नागपूरच्या एक काकू, तोंडाने फटकळ, माझ्या मदतीला आत आल्या आणि कप मांडता मांडता म्हणाल्या, "मग काय गं, झाली का नोकरी पक्की? आमचं कमिशन कुठंय?"

"कसलं कमिशन, काकू?"

"घ्या! म्हणजे हिला माहीतच नाही." काकू हसायला लागल्या. "अगं, तुझ्या सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना दम दिला होता. सूनबाईचा साहेब विचारायला येईल, कोणीही 'कोल्ड' म्हणायचं नाही. तुझी ती बस गाठायची म्हणून आधीची बस सोडून दिली आम्ही. स्टॉपवर उभ्या राहिलो त्या वाऱ्यात. आणि वर बसमध्ये पाय नुसते बर्फ! मी म्हणत होते, खरं सांगून टाकू. तर म्हणतात कशा, तिळगूळ खाल्लाय ना माझ्या हातचा? मग गोड बोला. बोललो बाई गोड." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण आता आमच्या सगळ्या गाड्या तशाच गार झाल्यात गं. दोघीजणी तर यायच्याच बंद झाल्या. भजनाला आम्ही चौघीच उरलोय."

मी कॉफी गाळत राहिले. कप भरून वाहिला तरी गाळत राहिले. काकूंनी माझ्या हातातून पातेलं घेतलं.

बायका गेल्यावर मी सासूबाईंना गाठलं. लाज वाटत होती, पण बाहेर आला तो राग. माझं नेहमीच असं होतं.

"आई, तुम्ही खोटं का बोललात? माझा सगळा सर्व्हे खोटा पाडलात तुम्ही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्या हळदीकुंकवाची तबकं पुसत होत्या. म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, लोकांनी तक्रार केली तर घरी बसेन म्हणून. मागे तू घरी बसली होतीस तेव्हा फोनवर तुझा आवाज ऐकवायचा नाही मला. कळायचं मला सगळं."

"पण थंडी वाजत होती तर वाजतेय म्हणायचं ना! माणसाने खरं सांगायला काय जातं?"

"घरच्या माणसाचं काम असलं की चांगलंच सांगायचं असतं," त्या म्हणाल्या, जणू एवढं साधं मला कळू नये याचं त्यांना नवल वाटत होतं. आपल्याकडे हे असंच असतं. मुलगी बघायला आलेल्यांना शेजारीण सांगते, पोरगी गुणाची आहे. खरंखोटं बघायची ती वेळ नसते. माझ्या सर्व्हेत हे गृहीत धरायला मी विसरले होते, आणि मी स्वतः त्याच माणसांतली.

मग मी नको तो प्रश्न विचारला. "आणि ओळख का नाही दाखवलीत मला?"

"तू नाही दाखवलीस म्हणून," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, कामावर घरच्यांशी बोलायचं नाही असा नियम असेल तुमच्यात."

त्यांना तसं खरंच वाटलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी भांडी घासायला घेतली आणि एक बशी फोडली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, यू शुड हॅव डिस्क्लोज्ड इट. सरळ सरळ कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे हा. उद्या मॅनेजरला जाऊन सांग." मी म्हटलं, तुझी आई आहे, तू सांग. तो म्हणाला, बस तुझी आहे. मग आम्ही तासभर भांडलो, आणि त्याने मला जरा बरं वाटलं.

मॅनेजरला मी गाठलं, पण सगळं सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं. म्हटलं, सेन्सर छताजवळ आहे, ऊब वर जाते, पायांपाशी कमी असेल, ते मोजायला हवं. हे खरंच होतं, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाही कळावं इतकं साधं होतं. त्याला ते आवडलं. "चांगलं, स्वतःच्याच कामात चूक शोधणारी माणसं कमी असतात," म्हणाला. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. मंगळवारी पुन्हा बसमध्ये चढायचं ठरवलं. गुरुवार मी मुद्दाम टाळला होता.

मंगळवारी वारा होता, बारीक पाऊस होता. मॅनेजर पुढे बसला होता. मी एकेका सीटखाली थर्मामीटरची वायर धरून आकडे घेत होते. जमिनीपाशी अकरा, बारा. दारासमोर तर वाचवेना. वर सेन्सर तसाच अठरा दाखवत होता. मला घाम फुटला.

भाजीबाजाराच्या स्टॉपला सासूबाई चढल्या. या वेळी एकट्याच. हातात मेथीच्या दोन जुड्या, पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या. मला पाहिलं आणि त्यांनी लगेच तोंड खिडकीकडे वळवलं. माझ्याआधीच. त्यांना आता सवय झाली होती. दारासमोरच्याच सीटवर, जिथे सगळ्यात गार होतं, तिथे त्या ताठ बसल्या.

मॅनेजरने त्यांना ओळखलं. "आह, आपल्या बाई!" तो माझ्याकडे वळून म्हणाला, आणि मग त्यांच्याकडे झुकून, "स्टिल वॉर्म?"

"व्हेरी वॉर्म," सासूबाई म्हणाल्या. ओठ निळसर झाले होते.

"इथलाही आकडा घे," मॅनेजर मला म्हणाला.

टाळता येण्यासारखं नव्हतं. मी खाली वाकले, जवळजवळ गुडघ्यांवर आले, आणि वायरचं टोक त्यांच्या पायांपाशी नेलं. माझी बोटं त्यांच्या मोज्याला लागली. मोजा ओला होता. आणि पाय इतका गार होता की मी क्षणभर हात तिथून काढलाच नाही.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात पडला. सून वाकली, पायांना हात लावला. तो हात आपोआपच आला असणार, चाळीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यांवर ठेवलेला. आणि तोंडून निघालंही सवयीने, मोठ्याने, आख्ख्या बसला ऐकू जाईल असं, "अखंड सौभाग्यवती हो."

मग त्यांच्या लक्षात आलं. हात चटकन मागे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या इतक्या घाबरल्या होत्या की तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आपण सुनेचं काहीतरी मोडलं अशा घाबरल्या होत्या.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "डू यू नो धिस लेडी?"

बसमधली पाच-सात माणसं आता खरंच बघत होती. मी जमिनीवर बसूनच होते. मी इंग्रजीत सांगितलं, या माझ्या सासूबाई आहेत. यांना थंडी वाजते आहे. मागच्या वेळीही वाजत होती. माझी नोकरी जाऊ नये म्हणून या खोटं बोलल्या, आणि मैत्रिणींनाही बोलायला लावलं.

सासूबाईंना इंग्रजी येत नसलं तरी 'कोल्ड' आणि 'लाय' एवढे दोन शब्द कळले. मॅनेजर उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "आय ॲम सो सॉरी, मॅडम." तेही त्यांना कळलं. त्यांनी घंटी दाबली. आमचं घर अजून दोन स्टॉप लांब होतं. मी "आई, थांबा" म्हणाले, पण दार उघडलं आणि त्या पावसात उतरल्या, मेथी छातीशी धरून.

डेपोत परत आल्यावर मॅनेजर मला रागावला नाही. रागावला असता तर मी उलट बोलले असते, हिशेब फिटला असता. तो एवढंच म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगायचं होतंस. नियम वगैरे जाऊ दे. मी त्यांना नीट हॅलो तरी म्हटलं असतं." मला तिथे त्याच्यासमोर रडू आलं. त्याने पुदिन्याची गोळी पुढे केली. तेवढंच त्याला सुचलं.

घरी आले तर सासूबाई मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, आई, चुकलं माझं.

"तू ओळख दाखवली नाहीस, ते मी मनावर घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, मेथीच्या काड्या मोडत. "पण परक्या माणसांसमोर, भर बसमध्ये, मला खोटी ठरवलंस. एवढा मोठा साहेब टोपी काढून उभा राहिला माझ्यासमोर, आणि मी काय, तर खोटारडी. कोणासाठी केलं होतं गं मी?"

इतके दिवस मी घाबरले होते की लोक त्यांना माझी सासू म्हणून बघतील. आणि त्यांना मी जगासमोर आणलं, ते खोटं बोलणारी म्हणूनच. खरं बोलले होते मी, त्यात चूक काही नव्हती. तरी मला त्या क्षणी पहिल्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली.

काम मात्र नीट झालं. मॅनेजरने मला काढलं नाही. आम्ही सेन्सर खाली, पायांच्या उंचीला आणले. छतातली ऊब कमी केली, पंखे सीटखाली वळवले, आणि दार उघडं असताना हीटर वाया जाणार नाही अशी सोय केली. डिझेल मी आधी सांगितलं होतं त्याच्या निम्मंच वाचलं. म्हाताऱ्या परत बसायला लागल्या. नागपूरच्या काकूंचा फोन आला, "आता खरोखरच वॉर्म बरं का, शपथेवर सांगते." भजनाला पुन्हा सगळ्या जमल्या.

सासूबाईही जायच्या, पण चालत. बसमध्ये त्या पुन्हा पाय ठेवायला तयार नव्हत्या. तो साहेब भेटला तर, म्हणाल्या. नवरा गाडीने सोडतो म्हणाला, तर गुरुवारी त्याला ऑफिस. चांगला पाऊण तासाचा रस्ता, चढाचा, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी विनवण्या केल्या, चिडले, एकदा ओरडलेसुद्धा. त्या ऐकून घ्यायच्या आणि गुरुवारी टाळांची पिशवी घेऊन निघायच्या.

मार्चमध्ये एका गुरुवारी मी त्याच रूटवर, त्याच बसमध्ये, नवे सेन्सर तपासत होते. बस छान उबदार होती. मी कोटाची बटणं सोडली होती. काचेतून पाहिलं तर फुटपाथवरून सासूबाई चालल्या होत्या. वाऱ्याने साडी पायांना चिकटलेली, मफलर ओढून धरलेला. मध्येच कुणाच्या तरी बागेच्या भिंतीला हात टेकून थांबल्या. मी घंटी दाबली. पुढचा स्टॉप येईपर्यंत उभीच राहिले, ड्रायव्हरला जरा थांबायला सांगून उतरले, आणि मागे पळत गेले.

त्यांनी मला पाहिलं, माझ्या मागे थांबलेल्या बसकडे पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या. माझ्या उघड्या कोटाची वरची दोन बटणं त्यांनी स्वतः लावली, गार बोटांनी, जरा वेळ लागला.

"तू कशाला उतरलीस?" म्हणाल्या. "जा, बस तू गाडीत. आता गरम असते म्हणतात."